सहीपुरती बी.कॉम.

आपल्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका उघडा. बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए. झालेल्या मुलींची पानंच्या पानं. मी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची बी.कॉम. झाले तेव्हा बेळगावात आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मग आता आनंद व्हायला हवा ना? मला होत नाही. या मुली पुढं दिसतात त्या भागीदारी पत्राच्या शेवटच्या पानावर, सहीला.

परवा ओळखीतली एक सून घरी आली. एम.बी.ए., पहिला वर्ग. सासरच्या रविवार पेठेतल्या घाऊक दुकानात कागदावर भागीदार. सहज विचारलं, ‘यंदा उलाढाल किती गं?’

‘काय की काकू. मामंजी बघतात ते. मी सही करते तेवढी.’

बँकेच्या कर्जाच्या कागदांवरही हिची सही आहे. १९३२ चा भागीदारी कायदा हिनं परीक्षेला पाठ केलेला असणार. त्यातलं १२ वं कलम म्हणतं, प्रत्येक भागीदाराला धंद्यात भाग घेण्याचा आणि वह्या तपासण्याचा हक्क आहे. २५ वं म्हणतं, पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार. आपल्या घरांनी २५ वं तेवढं सुनेला लागू केलंय. १२ वं पुस्तकातच राहिलं.

आणखी एक गंमत सांगते, हसू नका. १९६१ च्या आयकर कायद्यात ६४ वं कलम होतं. नवऱ्याचा भरीव हिस्सा असलेल्या धंद्यातून बायकोला पगार दिला, तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचा. अपवाद एकच: तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि ती कमाई त्या ज्ञानाच्या जोरावरची हवी. म्हणून सुनेची पदवी हिशेबनिसाच्या फायलीत नीट लावून ठेवायची. पगार कागदावर, ज्ञान माळ्यावर, आणि सूनबाई चपात्या लाटतेय!

पुरुष मंडळी म्हणतात, कॉलेजात धंदा शिकवत नाहीत, तो गादीवर बसूनच येतो. अगदी खरं. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद कॉलेजात येतात. पण उधारी कुणाला द्यावी, कुणाचा चेक परत येईल, गुळाची ढेप आतून कशी निघेल, हे दुकानात कळतं. अहो, पण मग गादीवर बसवता कुणाला? दोन विषय राहिलेला मुलगा निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात जातो. चुकतो, बापाच्या शिव्या खातो, चार पैसे बुडवतो आणि दोन वर्षांत तयार होतो. त्याच घरातली पहिल्या वर्गाची बहीण ‘लग्न होईपर्यंत’ केकच्या क्लासला. अभ्यासक्रम दोघांचा एकच होता. फरक त्या दोन वर्षांनी पडला. आणि तीच दोन वर्षं आपण मुलीला देत नाही.

यात दोष नुसता पुरुषांना देऊन भागणार नाही. ‘सून गल्ल्यावर बसली तर लोक काय म्हणतील’ हे मी बायकांच्याच तोंडून जास्त ऐकलंय. खोटं कशाला बोलू, माझ्या सुनेला मीही एकदा म्हटलंय.

मला तर तोंड उघडायलाच जागा नव्हती. बी.कॉम. होऊन मी अकरा वर्षं न वाचता सह्या केल्या. दीर वेगळे झाले तेव्हा कळलं, माझ्या सहीवर एक कर्ज उभं आहे. चार बांगड्या मोडल्या. सराफाच्या दुकानात व्याजाचा हिशेब मी तोंडी केला तेव्हा हे म्हणाले, ‘तुला येतं की!’ अकरा वर्षांनी.

तेव्हा बायांनो, कागद समोर आला की आधी चष्मा लावा. तीन वर्षांचे ताळेबंद मागा. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं विचारतील. हिशेब बघायला मागणं म्हणजे अविश्वास असेल, तर दरवर्षी तपासनीस कशाला बोलावतात?

आणि मुलीच्या आयांनो, ‘स्वयंपाक येतो ना?’ असं त्यांनी विचारलं की तुम्हीही विचारा, ‘दुकानाच्या वह्या हिला दाखवणार ना?’ गेल्या मेळाव्यात एका मुलीसाठी मी विचारलं. एक गृहस्थ अर्धा चहा टाकून उठले. दुसऱ्या घरच्या आत्याबाई मात्र म्हणाल्या, ‘सकाळी साडेनऊला दुकान उघडावं लागतं, जमेल का तिला?’

तिथं बोलणी चालू आहेत.