जीप उंच करण्यापूर्वी कोन मोजा



डोंगरवाटांवर हौसेने गाडी नेणारे अनेक जण आपली जीप उंच करून घेतात. गाडीच्या पोटाला दगड लागू नयेत आणि मोठी चाके बसावीत, हा हेतू. पाटे बदलले, जीप १० सेंटिमीटर वर आली, की काम झाले असे मानले जाते. माझे मत निराळे आहे. ज्याने गाडीखाली शिरून कोन मोजलेले नाहीत, त्याने जीप उंच करू नये.

कारण पाहा. गिअरबॉक्सची गती मागच्या ॲक्सलकडे नेणारा लांब दंड म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. जीप उंच केली की गिअरबॉक्स वर जातो, ॲक्सल मात्र चाकांपाशी खालीच राहतो आणि दंड तिरपा होतो. पूर्वी आडवा असलेला दंड १ मीटर लांबीचा असेल, तर १० सेंटिमीटरने तो सुमारे ६ अंश कलतो. अर्ध्या मीटरचा असेल, तर साडेअकरा अंश. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अवघे ८० इंच होते. अशा आखूड गाड्यांत दंडही आखूड असतो, म्हणून कोन झपाट्याने वाढतो.

दंडाच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. प्रत्येकात दोन बेचकी आणि त्यांना जोडणारा, अधिकच्या चिन्हासारखा 'क्रॉस' असतो. स्प्रिंगच्या नियमामुळे तुमच्या परिचयाचा असलेला रॉबर्ट हूक याने १६७६ साली या सांध्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सांधा वाकलेला असताना एक बाजू एकसारख्या वेगाने फिरली, तरी दुसरी तशी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तिचा वेग दोनदा वाढतो व दोनदा कमी होतो. किती, ते तुमचे कोसाइनचे कोष्टकच सांगेल. मिनिटाला १००० फेरे असतील, तर दुसऱ्या बाजूचा वेग १००० गुणिले कोसाइन येथपासून १००० भागिले कोसाइन येथपर्यंत बदलतो. कोन १० अंशांचा असेल तर ९८५ ते १०१५. ३० अंशांचा असेल तर ८६६ ते ११५५!

मग गाड्या सुरळीत चालतात कशा? दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले आणि दंडाच्या दोन टोकांची बेचकी एका पातळीत असली, तर पहिल्या सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. परंतु पाटे बदलताना ॲक्सल थोडा कलंडला किंवा दुसरे इंजिन निराळ्या कलाने बसवले, की कोन असमान होतात. शिवाय कोन समान राहिले, तरी मधला दंड स्वतः वेग बदलतच राहतो. म्हणून कोन लहानही हवा. मात्र अगदी शून्यही नको. कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधील सुया फिरतच नाहीत आणि एकाच जागी दाबल्या जाऊन खड्डे पाडतात.

"आमची उंच जीप तर छान चालते," असे कोणी म्हणेल. चालते, हळू असेपर्यंत. वेग दुप्पट झाला, की या हिसक्यांचा जोर चौपट होतो. कच्च्या वाटेवर न जाणवलेली थरथर महामार्गावर क्रॉस मोडू शकते. आणि निसटलेला दंड रस्त्यावर आपटला, तर धोका केवळ मालकापुरता राहत नाही. गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत, ती उगाच नव्हेत.

शिक्षकांना एक विनंती. पान्यांच्या संचात छोटा युनिव्हर्सल जॉइंट असतो. ओळखीच्या गॅरेजातून तो मागून आणा. दोन्ही टोकांना अंशांच्या खुणा केलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या लावा आणि टेबलावर सांधा ३० अंशांत वाकवून धरा. एक बेचके उभे व दुसरे आडवे, अशी सुरुवात करून एक बाजू ४५ अंश फिरवा. दुसरी सुमारे ४ अंश पुढे किंवा मागे असलेली दिसेल. कोसाइन शिकायचे कशाला, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मग वेगळे उत्तर द्यावे लागणार नाही. उद्या तोच जीप घेऊन गॅरेजात गेला, तर पान्याआधी कोनमापक मागेल.