वेदनाहर लेप आणि त्वचेचा कोट

घरांत वडील माणसें असलीं, कीं गुडघेदुखी पाहुणी न राहतां घरचीच होऊन बसते. पूर्वीं तिच्यासाठीं फडताळांत महानारायण तेलाची बाटली असे. आतां शेजारीं जेलची नळीहि आली आहे. या नळींतील लेपाविषयीं आज वाचकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

गोळी गिळणें सोपें असतां औषध कातडींतून घालण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? उत्तर जठरांत आहे. डायक्लोफेनॅक हें औषध स्वित्झर्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें दाह व वेदना वाढवितात. तीं बनूं न देणें हें याचें काम. पण हींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षणहि करतात. तेव्हां गोळी घ्यावी गुडघ्यासाठीं आणि व्रण व्हावा पोटांत, असा प्रकार घडतो. वृद्धांत तो विशेष.

बरें, लेप लावावा तर त्वचा म्हणजे कांहीं गाळणी नव्हे. तिचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतकाच जाड. परंतु मृत पेशींच्या विटा आणि मध्यें स्निग्ध द्रव्यांचा चुना, अशी त्याची भक्कम बांधणी. केवळ पाण्यांत विरघळणारें औषध बाहेरच अडतें. केवळ तेलांत विरघळणारें आंत शिरतें, पण पुढच्या सजल थरापाशीं थबकतें. म्हणून औषधाच्या अंगीं दोन्ही गुण हवेत. शिवाय ५०० डाल्टनहून मोठा रेणु सहसा पार होत नाहीं. डायक्लोफेनॅकचा भरतो सुमारें २९६. मग त्याचा क्षार घेऊन, कार्बोमरनें पाणी घट्ट करून, त्यांत तेलाचे सूक्ष्म थेंब व अल्कोहोल मिसळण्याची युक्ति निघाली. अल्कोहोल उडून जातें, मागें उरलेलें औषध दाट होतें आणि आंत शिरण्यास त्यास जोर येतो.

इतकें करूनहि, एका गुडघ्यास १ टक्का जेल दिवसांतून चार वेळां लावल्यास, रक्तांत औषध पोंचतें तें गोळ्यांच्या मानानें सुमारें ६ टक्केच. कोणी यास पराभव म्हणेल. आमच्या मतें हेंच यश. औषध हवें गुडघ्यांत, सर्वांगांत नव्हे. खुब्याचा सांधा मात्र मांसाखालीं खोल असतो. तेथें लेपाचा फारसा उपयोग नाहीं.

लेपावर शेक देऊं नये, पट्टी आवळूं नये, जखमेवर तर लावूंच नये. बोटें दुखत नसतील तर हात धुतल्यावांचून कणकेंत घालूं नयेत. लेपाबरोबर त्याच जातीच्या गोळ्या परस्पर घेऊं नयेत. मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारें औषध चालू असेल त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. आणि आजीबाई तेलाचें विचारतीलच: तें खुशाल चोळावें, पण लेपाच्या जागीं त्याच वेळीं नव्हे.