रीतसर म्हणजे कसे?

5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. प्रवासभर हातात बेड्या, पायात साखळदंड. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत 2009 पासूनचे आकडे वाचून दाखवले आणि बांधून आणण्याची पद्धत 2012 पासूनची आहे, असे सांगितले. प्रथा जुनी आहे म्हणून ती सोसा, हा युक्तिवाद आम्हाला तरी नवा नाही!

'रीतसर का गेला नाहीत?' असे या माणसांना दरडावणारे शहाणे तेव्हा उदंड झाले. आमचा त्यांना उलट सवाल आहे, ती रीत कोणती? कमी कौशल्याच्या मजुरांसाठी अमेरिकेचा कायदा साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10,000 कायम व्हिसा देतो, बायकामुलेही त्यातच मोजतो. व्हिसाच्या सोडतीत भारतीयांना अर्जच करता येत नाही. तिकडे नागरिक झालेल्या सख्ख्या भावाने बोलावले, तर 2025 साली भारतीयांचे 2006 चे अर्ज निघत होते. इंजिनिअरला दार निदान किलकिले आहे. ज्याच्याकडे फक्त मनगट आहे, तो शेत विकतो, एजंटाला लाखो रुपये मोजतो आणि पनामाचे जंगल तुडवतो.

कायदा राबवायला आमची ना नाही. पण व्हिसा नसणे म्हणजे दरोडा नव्हे. व्यापाराच्या वाटाघाटीत मालाच्या जकातीवर तासन् तास बोलणाऱ्या दिल्लीने मजुरांच्या व्हिसाचा आणि या बेड्यांचा विषय त्याच टेबलावर मांडावा.