फोडणी नको!

घरचं ते बाहेरच्यापेक्षा सरस, हे आपण गृहीतच धरतो. टाको बेल या अमेरिकी फास्ट फूड साखळीचा क्रंचरॅप, म्हणजे सारण आणि कुरकुरीत चकती आत घालून, कडा दुमडून शेकलेली पोळी, घरी करायचा तर हा अभिमान थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. तो सुधारायचा नसतो, जसा आहे तसाच करायचा असतो.

माझा शाकाहारी भाचा अमेरिकेत शिकताना टाको बेलच्या बीन्सवर तगला. त्या बीन्समध्ये डुकराची चरबी नसते आणि बीफऐवजी बीन्स मागितल्या की मिळतात. सुट्टीत आला तेव्हा त्याला तोच क्रंचरॅप हवा होता. तेल तापलं आणि माझा हात सवयीने मोहरीकडे गेला.

"मावशी, फोडणी नको गं! मग राजम्याची उसळ होते."

खरं होतं त्याचं. चित्रा राजमा तिथल्या पिंटो बीन्सच्या बराच जवळचा. तो मऊ शिजवून घोटायचा, त्यात जिरेपूड, लाल तिखट, ओरेगॅनो आणि कांदा-लसणाची पावडर घालायची. पावडरच, ताजा लसूण नाही. पाकिटातल्या मसाल्याच्या त्या चवीसाठीच तर सगळा खटाटोप. चीजचंही तेच. महागडं चेडर नुसतं वितळवलं की तेल सुटतं. साधे प्रोसेस्ड चीजचे क्यूब दुधात मंद आचेवर विरघळवले की सॉस मऊसूत होतो, कारण स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार त्यात आधीच असतात. स्वस्त मालाने बाजी मारलेली बघून मला तर फार बरं वाटलं.

मधली मक्याची कुरकुरीत चकती मात्र विकतच आणा. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग दळतात, म्हणून ते पीठ एकजीव होतं. आपल्या मक्याच्या पिठाच्या कडा थापतानाच फुटतात. चकती नाही मिळाली तर नाचो चिप्स पसरा.

2005 साली आलेल्या या पदार्थाची करामत आहे ती रचनेत. मैद्याची चांगली फूटभर रुंद पोळी गरम करायची. तिच्या मधोमध बीन्स आणि चीज सॉस, त्यावर चकती, चकतीवर आंबट क्रीम (घरी चक्का, थोडं दूध, मीठ), लेट्यूस, टोमॅटो. गरम खाली, गार वर, मधे चकतीची भिंत. मग मोदकाच्या कळ्या जमवतो तशा कडा सहा घड्या घालत मध्यावर आणायच्या आणि घड्यांची बाजू आधी तव्यावर टेकवायची. ती शेकून चिकटली नाही, तर उलटताना सगळा संसार तव्यावर.

"पण हे मेक्सिकन आहे का?" असं नाक मुरडणारे भेटतातच. ग्लेन बेल याची कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला हॉटडॉगची टपरी होती. समोरच 1937 पासूनचं मित्ला कॅफे, एका मेक्सिकन कुटुंबाचं. तिथले तळलेले टाको खाऊन, ते कसे करतात हे बघून बेल शिकला आणि 1962 मध्ये डाउनीला त्याने टाको बेल काढलं. शिकवणाऱ्यांपेक्षा शिकणाऱ्याचं नाव किती मोठं झालं ते दिसतंच आहे. मित्ला अजून सुरू आहे. अस्सल हवं त्याने तिकडे जावं. माझ्या तव्यावर नकलेची नक्कल होती, आणि तिचा मला काडीचाही संकोच नाही.

फक्त डब्यात देऊ नका. मधल्या सुट्टीपर्यंत चकती मऊ पडते.