ब्रेकची चकती निवडतांना

मोटार घेतांना तिचा रंग, आसनें आणि पेट्रोलचा खर्च यांचा घरोघरीं मनसोक्त खल होतो. ती थांबते कशानें, हा प्रश्न मात्र कांहीं वर्षें लोटल्यावर, "पुढच्या चकत्या झिजल्या, बदलाव्या लागतील," असें मिस्त्रीनें सांगितलें म्हणजेच प्रथम समोर येतो. मग दुकानदार साधी, भोंकें पाडलेली, खांचा पाडलेली अशा नाना परींच्या चकत्या पुढें मांडतो आणि गृहस्थ गोंधळून जातो. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. आपल्या गाडीच्या नेमक्या मापाची आणि पुरेशा लोखंडाची जी चकती, तीच घ्यावी. मग ती दिसावयास कितीही सामान्य असो.

ब्रेक वेगाचा नाश करीत नाहीं, त्याची उष्णता करतो. आणि ती उष्णता प्रथम सांठते या बिडाच्या चकतींत. दीड हजार किलो वजनाची भरलेली गाडी खंडाळ्याहून खोपोलीस उतरते तेव्हां ती सुमारें ५०० मीटर खालीं येते. इंजिनानें आणि वाऱ्यानें कांहींच ओढ धरली नाहीं असें मानल्यास, ब्रेकांवर पडणारी उष्णता ७० लक्ष ज्यूलांहून अधिक भरते. हा आंकडा पुष्कळांस निरर्थक वाटेल. म्हणून असें म्हणूं कीं, बंबांतलें २२ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीस आणावयास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही होय. त्यांतील मोठा वांटा पुढच्या दोन चकत्यांस सोसावा लागतो. चकती जितकी झिजून हलकी झालेली, तितकी ती अधिक तापणार. फार तापली म्हणजे पॅडांची पकड सुटूं लागते. जुन्या, पाणी शोषलेल्या ब्रेक-ऑइलास उकळी फुटते आणि पायाखालचें पेडल पोकळ लागतें. मागें आजी आणि नातवंडें बसलेलीं असतां हा अनुभव कोणासही न येवो. घाटांत खालचा गिअर टाकावा हें खरेंच. पण खालच्या गिअरचा आधार आहे म्हणून पातळ चकती चालवून घेणें शहाणपणाचें नव्हे.

भोंकांच्या चकत्यांचा मोह तरुणांस फार. तो शर्यतींतून आला आहे. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच चकतीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें होतें. तथापि त्याचा खरा डंका वाजला तो १९५३ सालीं, डनलॉपचे चकती-ब्रेक बसविलेल्या जग्वार गाडीनें ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हां. जुन्या काळचे पॅड तापले म्हणजे त्यांतून वायु निघे, आणि त्यास वाट म्हणून भोंकें उपयोगीं पडत. आजच्या पॅडांस ती गरज फारशी उरलेली नाहीं. उलट प्रत्येक भोंकाबरोबर थोडें लोखंड जातें, आणि तापून निवतां निवतां चिरा पडूं लागतात त्या बहुधा भोंकाच्या कडेपासूनच. मोटारसायकलींवर अशा चकत्या कारखान्यांतूनच येतात. पण तेथील वजन निराळें. खांचांची चकती त्या मानानें बरी, मात्र ती पॅड लवकर खाते आणि आवाजही करते. कुटुंबाच्या गाडीस दोन्हींची आवश्यकता आम्हांस दिसत नाहीं.

मग पाहावें काय? किमान जाडीचा आंकडा पुष्कळदां चकतीवरच कोरलेला असतो. नव्या आणि टाकाऊ चकतींत बहुधा दोनच मिलिमीटरांचें अंतर असतें, म्हणून डोळ्यांनीं अंदाज न करितां मिस्त्रीस मायक्रोमीटर लावावयास सांगावें. "टर्निंग मारून देतों" असें तो म्हणाला, तर नंतर जाडी किती उरेल हें आधीं विचारावें. पेडल थरथरतें म्हणून चकती वांकली असें सर्रास म्हणतात. पुष्कळदां ती वांकलेली नसते, तिची जाडी जागोजाग असमान झालेली असते. नवी चकती गंजलेल्या हबवर तशीच चढविली तर तीही कालांतरानें तशीच थरथरूं लागते. यास्तव बसविण्यापूर्वीं हब घांसून स्वच्छ करवून घ्यावा.

दोन पत्र्यांमध्यें हवेची पोकळी असलेली चकती मूळची असेल तर तशीच घ्यावी. भरीव चालेल असें कोणी म्हटल्यास ऐकूं नये. चासी-नंबर देऊन माप जुळवावें. स्वस्त चकतीचा संशय आला तर सरळ तराजूवर घालावी आणि त्याच गाडीच्या अस्सल चकतीशीं ताडून पाहावी. तराजूस भीड पडत नाहीं.

चकत्या दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्या, पॅडही नवे घालावे, आणि गंज चढूं नये म्हणून लावलेलें तेल पुसून काढल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणूं नये. पहिलीं दोनशें किलोमीटर, प्रसंगच आला नाहीं तर, ब्रेक हलक्या पायानें दाबावा. घाटाचा बेत तोंवर लांबणीवर टाकावा. पॅड कोणते घ्यावे याविषयीं पुढील अंकीं लिहूं.