गावाकडे जाणाऱ्या डॉक्टरसाठी वाट कुठे आहे?

महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या प्रत्येकावर एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधन असते. विद्यार्थी त्याला 'बॉण्ड' म्हणतात. ते टाळायचे असेल तर १० लाख रुपये दंड भरून मोकळे होण्याची सोय वर्षानुवर्षे होती. ज्याच्या घरी १० लाख आहेत तो दंड भरून थेट पीजीच्या तयारीला लागणार, आणि ज्याचे आईबाप रोजंदारीवर जातात तो प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणार. ग्रामीण सेवेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे जात आणि वर्ग बाजूला ठेवून समजत नाही.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सीपीआर हे त्याचे रुग्णालय. २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा राखीव ठेवणारा जाहीरनामा याच संस्थानात निघाला. त्यामुळे आपली मुले एमबीबीएसपर्यंत पोहोचली. पुढे काय? चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतला रुग्ण आजही गंभीर झाला की गाडी कोल्हापूरच्या दिशेने निघते. चंदगडहून ते अंतर शंभरएक किलोमीटर आहे.

नियमानुसार सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. तिथल्या डॉक्टरला बाळंतपण, सर्पदंश, नवजात बाळाचा श्वास, कीटकनाशकाची विषबाधा, म्हाताऱ्यांचा मधुमेह आणि २०१९, २०२१ सारखा महापूर आला की छावणीतली साथ, हे सगळे एकट्याने पाहावे लागते. यासाठी त्याला तयार कोणी केले? इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकशास्त्राचे १२ आठवडे असतात. बाकीचे शिक्षण मोठ्या रुग्णालयात, विशेषज्ञांच्या हाताखाली होते. मग तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला एकटीला केंद्रावर पाठवायचे आणि ती वर्ष संपताच निघून गेली की तिला सेवाभाव नाही म्हणायचे, हा अन्याय आहे.

वाटा अगदीच नाहीत असे नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा डीएनबी फॅमिली मेडिसिन हा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या, त्यातही फॅमिली मेडिसिन आहे. सरकारी सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल आणि तातडीची प्रसूतिसेवा शिकवण्याची योजनाही आहे. पण या वाटा एकमेकींना जोडलेल्या नाहीत, आणि आपल्या बहुतेक मुलांना त्यांची माहितीच नसते.

सेवेतल्या डॉक्टरांना पीजीत राखीव जागा देण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला. हे चांगलेच झाले. पण आरोग्य केंद्रातला डॉक्टर त्या जागेवरून त्वचारोग किंवा रेडिओलॉजी शिकला, तर केंद्राला त्याचा उपयोग काय? कोटा कोणत्या विषयांकडे नेतो, हेही पाहिले पाहिजे.

जपानने १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले. तिथे प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडले जातात, शिक्षणाचा खर्च उचलला जातो आणि पदवीनंतर आपल्याच प्रांतात नऊ वर्षे सेवा केली की तो माफ होतो. सेवेतला बराच काळ दुर्गम भागात जातो. खेड्यातून आलेला विद्यार्थी खेड्यात टिकण्याची शक्यता जास्त असते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे चंदगडला डॉक्टर हवा असेल तर चंदगडच्या वस्तीतली मुलगी डॉक्टर झाली पाहिजे. आरक्षण हे आरोग्यधोरणही आहे, ते असे.

मात्र प्रवेश मिळाला म्हणजे झाले, असे नाही. डॉ. पायल तडवी मिरजेच्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्या आणि पीजीसाठी मुंबईत गेल्या. मे २०१९ मध्ये त्यांनी जीव दिला. जातीय छळाचा आरोप असलेला तो खटला आपल्याला माहीत आहे. प्रशिक्षणाच्या वाटेवर सन्मान नसेल तर ती वाट आपल्या लेकरांसाठी बंदच असते.

म्हणून कोल्हापुरातल्या कार्यकर्त्यांनी चार मागण्या धराव्यात. एक, गडहिंग्लज उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी फॅमिली मेडिसिनच्या प्रशिक्षणाच्या जागा. दोन, बॉण्डवरच्या डॉक्टरला नेमून दिलेला अनुभवी मार्गदर्शक आणि राहण्यायोग्य निवास. तीन, बॉण्डच्या वर्षाची पुढील प्रशिक्षणात गणना आणि पैसे भरून सुटण्याची वाट कायमची बंद. चार, प्रत्येक महाविद्यालयात जातीय छळाच्या तक्रारींसाठी खरोखर काम करणारी समिती.

आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी स्वतः न्हाऊ घातले आणि रुग्णसेवा ही संघाची जबाबदारी ठरवली. ती एकट्या भिक्खूवर सोडली नव्हती. चंदगडच्या आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरलाही एकटे सोडू नये, हे शासनाला सांगणे आपले काम आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.