हृदयातली गाठ : नाव कळले तरच उपचार

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले. त्यांत बुलढाण्याचेही होते. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की लोकांना शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, मोठी यंत्रे आठवतात. विकृतीशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी विभाग, सहसा कोणाला आठवत नाही. या विभागाचे मोल काय, हे हृदयातल्या गाठींसारख्या दुर्मीळ आजारातून नेमके कळते.

हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी फार थोड्या. शवविच्छेदनांच्या नोंदींनुसार ढोबळमानाने दहा हजारांत दोन. दुसऱ्या अवयवातला कर्करोग हृदयापर्यंत पसरणे त्याहून कितीतरी अधिक वेळा आढळते. हृदय स्नायू, तंतू, चरबी आणि रक्तवाहिन्यांचे बनलेले असल्याने तिथल्या बहुतेक गाठी मऊ ऊतींच्या असतात. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश कर्करोगाच्या नसतात. प्रौढांमध्ये ठळकपणे आढळणारी मिक्सोमा ही जेलीसारखी गाठ बहुतेक वेळा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात वाढते. ती कर्करोग नसली तरी निर्धोक नाही. ती झडपेत अडकून रक्ताची वाट अडवते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो.

या गाठी बहुरूप्यासारख्या वावरतात. समजा, मेहकर तालुक्यातल्या चाळिशीच्या एका बाईला चालताना दम लागतो, बारीक ताप येतो, वजन उतरते. छातीत झडपेचा आवाज ऐकू आला तर संधिवाताच्या तापाने झडप आकसली असावी असे वाटते. हृदयाभोवती पाणी दिसले तर क्षयरोगाची शंका येते. हे दोन्ही आजार आपल्याकडे नेहमीचे, म्हणून शंका रास्तच. पण क्षयाची औषधे सुरू असूनही रक्तमिश्रित पाणी पुन्हा पुन्हा साचत असेल, तर अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोगही मनात धरावा लागतो. तो बहुधा उजव्या वरच्या कप्प्यात असतो आणि झपाट्याने पसरतो.

टू-डी इको तपासणीत गाठ दिसते. तिची जागा, आकार, हालचाल कळते. एमआरआयने अंदाज आणखी पक्का होतो. तरी पडद्यावरची सावली आपले नाव सांगत नाही. ती रक्ताची गुठळी असेल तर रक्त पातळ करणारी औषधे लागतात. मिक्सोमा असेल तर शस्त्रक्रियेने रुग्ण बहुधा बरा होतो. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफूर्ड यांनी १९५४ मध्येच अशी गाठ यशस्वीपणे काढली होती. लिम्फोमा असेल तर मुख्य उपचार केमोथेरपीचा. तान्ह्या बाळातला रॅब्डोमायोमा बहुतेक वेळा आपोआप आक्रसतो. त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवायचे. सार्कोमाची लढाई मात्र अवघड. म्हणजे नाव चुकले की उपचार चुकला.

हे नाव ठरते ऊतींच्या तपासणीवरून. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण त्यासाठी आधार मानले जाते. त्याची छातीतील गाठींवरील पाचवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. पूर्वी काही सार्कोमांचा अहवाल 'नेमका प्रकार सांगता येत नाही' या शेऱ्यावर थांबत असे. आता अशा बऱ्याच गाठींत एमडीएम२ या जनुकाच्या जादा प्रती सापडतात आणि 'इंटिमल सार्कोमा' असे नेमके निदान करता येते. पेशींचा नुसता चेहरा पाहून भागत नाही, त्यांची कुंडलीही पाहावी लागते.

ही जनुकीय तपासणी प्रत्येक जिल्ह्यात व्हावी, असा हट्ट धरण्याची गरज नाही. जिल्ह्यात व्हायला हवीत ती साधी कामे. पायाच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून काढलेली गुठळी कचऱ्यात न टाकता तपासणीला पाठवणे. कधी कधी ती गुठळी नसून मिक्सोमाचा तुटलेला तुकडा असतो. हृदयाभोवतीच्या पाण्याची पेशी-तपासणी करणे. ऊती ताबडतोब आणि पुरेशा फॉर्मेलिनमध्ये ठेवणे. सोबतच्या चिठ्ठीवर वय, लक्षणे आणि गाठीची जागा स्पष्ट लिहिणे. शंका असेल तर दुसरे मत घेणे.

मेणात बसवलेला ऊतींचा ठोकळा काडेपेटीएवढाही नसतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. तो नागपूरला किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात पाठवता येतो. दम लागलेल्या रुग्णाने केवळ निदानासाठी एवढा प्रवास करायचे कारण नाही. मात्र तो ठोकळा नीट तयार करणारा तंत्रज्ञ आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शंका घेणारा विकृतीतज्ज्ञ बुलढाण्यातच हवा. नव्या महाविद्यालयातली पदे भरताना शल्यविशारदांइतकीच निकड या पदांची मानली गेली, तर त्याचा लाभ हृदयातल्या दुर्मीळ गाठीपुरता उरणार नाही. स्तनातल्या, तोंडातल्या, गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या गाठींनाही वेळेवर त्यांचे खरे नाव मिळेल.